उत्तरे आधी, प्रश्न नंतर : पाश्चात्य चित्रकलेचा आपल्याकडील प्रवास

पाश्चात्य कलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा शिडीसारखा मांडला जातो. प्रबोधनकाळ, बरोक, नवअभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्‌प्रत्ययवाद, घनवाद, अमूर्तता अशा तिच्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर दोन-तीन नावे, एक-दोन चित्रे आणि चार-पाच ‘वैशिष्ट्ये’ लिहिलेली असतात. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात वाङ्मयीन वाद शिकवताना आपण हीच शिडी वापरतो. विद्यार्थी पायऱ्या पाठ करतात. परीक्षेत वास्तववादाची सहा वैशिष्ट्ये क्रमाने लिहितात. परंतु एका पायरीवरून दुसरीवर जाण्याची गरज कोणाला, कशामुळे पडली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आपल्याकडे ही कला ज्या वाटेने आली, त्या वाटेतच या उणिवेचे मूळ आहे, असे मला वाटते.

युरोपात ती कशी घडली, ते आधी थोडक्यात पाहू.

पंधराव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पज्ञाने सपाट फलकावर खोलीचा भास निर्माण करण्याची भूमितीय रीत प्रयोगाने दाखवली. आपण जिला यथार्थदर्शन किंवा सरळ ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतो, ती हीच. मासाच्चोने १४२७ च्या सुमारास सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या भिंतीवर ‘ट्रिनिटी’ रंगवले, तेव्हा भिंतीला भगदाड पडून पलीकडे खरेच एक दालन असावे असा भास निर्माण झाला. १४३५ मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेवरील ग्रंथात या रीतीला शास्त्राचे रूप दिले. या रीतीमागे एक धीट गृहीतक होते : जग एका ठिकाणी उभ्या असलेल्या एका माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे चितारावे. मध्ययुगीन चित्रात आकृतीचा आकार तिच्या पावित्र्यावरून ठरे. आता तो पाहणाऱ्यापासूनच्या अंतरावरून ठरू लागला. चित्रातील जगाचे केंद्र स्वर्गातून उतरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आले. प्रबोधनकाळाला आपण ‘मानवकेंद्री’ म्हणतो, त्या शब्दाचा चित्रकलेतील नेमका अर्थ हा आहे.

पुढच्या चार शतकांत या गृहीतकाचा विस्तार झाला आणि त्याची संस्थाही झाली. १५६३ मध्ये फ्लॉरेन्सला आणि १६४८ मध्ये पॅरिसला अकादमी स्थापन झाली. प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन, मग जिवंत मॉडेलवरून अभ्यास, मग पौराणिक वा ऐतिहासिक प्रसंगांची रचना, असा क्रम रूढ झाला. प्रश्नाचे उत्तर मिळाले होते आणि उत्तराचा अभ्यासक्रम झाला होता.

मग परिस्थितीने नवे प्रश्न विचारले. १८३९ मध्ये डागेरचे छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले. हुबेहूबपणाचे काम यंत्र करू लागले, तर चित्रकाराने काय करावे? कूर्बेने १८५५ मध्ये पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाबाहेर स्वतःचा मंडप उभारून देवदेवतांऐवजी आसपासची साधी माणसे दाखवली. १८७४ मध्ये मोने, पिसारो, रन्वार प्रभृतींनी पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेही नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. त्यांचा प्रश्न असा होता : डोळ्यांना वस्तू दिसते की वस्तूवरचा क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश? सेझानला हे उत्तरही अपुरे वाटले. प्रकाशाच्या लपंडावात वस्तूचे वजन आणि चित्राची बांधणी हरवते, हे त्याचे दुखणे होते. एकाच डोंगराला तो पुन्हापुन्हा रंगवत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९०७ मध्ये, पिकासोने ‘आव्हिन्यॉच्या युवती’ रंगवले आणि पाहणाऱ्याचे एकच एक स्थान मोडून टाकले. ब्रुनेलेस्कीने बांधलेले दालन पाडले गेले, ते याच चित्रापाशी. कान्दिन्स्की, मालेविच, मोंद्रियान यांनी मग वस्तूलाच रजा दिली.

हा सारा प्रवास सुमारे पाचशे वर्षांचा आहे. त्यात प्रत्येक नवी शैली म्हणजे आधीच्या उत्तराविषयीचे असमाधान आहे.

आता आपल्याकडे पाहू. पाश्चात्य रीतीचे चित्रण पेशवाईच्या अखेरीस पुण्यात येऊन पोचले होते. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने रंगवली. इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याची सोयही झाली. गंगाराम तांबट हा तेथला गुणी विद्यार्थी. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. मात्र ही एका दरबारापुरती हकीकत राहिली.

खरी सुरुवात १८५७ ची. हे वर्ष मराठीच्या विद्यार्थ्याने तीन कारणांसाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईचे कलाविद्यालय सुरू झाले. नवे शिक्षण, नवी कादंबरी आणि नवे चित्र ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत. तिघांच्याही मुळाशी एकच अपेक्षा होती : जसे दिसते तसे सांगावे, जसे आहे तसे दाखवावे.

जे. जे. स्कूलचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर आखला गेला. तेथे ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींसमोर बसून विद्यार्थी छायाप्रकाश गिरवीत. आरंभीचा हेतू थोर चित्रकार घडवण्याचा नव्हताच. कुशल कारागीर आणि अचूक रेखाटन करणारे हात तयार करणे हा होता. १८६५ मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग हे शिक्षक मुख्यतः इमारतींवरील शिल्पकाम आणि कारागिरी यांत रमणारे होते. येथे युरोपातील पाचशे वर्षांपैकी एक विशिष्ट तुकडा, म्हणजे अकादमीत रूढ झालेले उत्तर, वेगळा काढून आपल्या हाती देण्यात आला. ब्रुनेलेस्कीचा प्रश्न त्यासोबत आला नाही. पाहणारा माणूस जगाच्या केंद्रस्थानी असावा का, हा वाद आपल्या चित्रकारांना करावाच लागला नाही. त्यांना मिळाली ती पद्धत, आणि तिच्यात गुण मिळवायचे होते. या पद्धतीची शेवटची शाखा आजही आपल्या शाळांत आहे. शासकीय रेखाकला परीक्षेला बसणारा मुलगा वस्तुचित्रासाठी तांब्या आणि घडी पडलेले कापड समोर ठेवून डावीकडून प्रकाश, उजवीकडे सावली असे शिकतो, तेव्हा फ्लॉरेन्सच्या त्या प्रयोगाचा वारसा त्याच्या हाती असतो. त्याला तो ठाऊक नसतो इतकेच.

या शिक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातून पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, हळदणकर यांच्यासारखे समर्थ चित्रकार निर्माण झाले. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये विद्यार्थिदशेत घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ पाहावी : शरीराचे ज्ञान अकादमीचे, पण नऊवारीच्या चुण्यांतील लय आणि पावलातील संकोच इथलाच. याच दशकात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी येते. हरिभाऊंची यमू आणि म्हात्र्यांची देवळाकडे निघालेली स्त्री यांना शेजारी ठेवून वाचले, तर आपल्या वास्तववादाचा स्वभाव कळतो. युरोपीय वास्तववादाने देवतांना बाजूला सारून सामान्य माणसाला चित्रात आणले. आपल्या वास्तववादाला देवतांशी भांडावे लागले नाही; त्याने घरातल्या स्त्रीकडे प्रथमच इतक्या निरखून पाहिले. रीत तीच होती, पण तिच्या मागची निकड वेगळी होती.

सर्वसामान्य मराठी माणसापर्यंत प्रबोधनकाळ पोचला तो मात्र विद्यालयातून नव्हे, छापखान्यातून. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली आणि शिळाप्रेसवर छापलेली देवादिकांची, ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघर गेली. ज्या गद्याने मराठी निबंधाला वळण दिले, त्याच्याच कर्त्याने चित्रांचा छापखानाही काढावा, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीत संपवण्यासारखी नाही. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना सुरू केला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

त्याचा परिणाम आमच्या नागपुरात पाहायचा असेल तर गांधीबागेत जावे. ही कापडाची घाऊक बाजारपेठ. येथल्या जुन्या पेढीवर गादी-लोडामागच्या भिंतीवर लक्ष्मीची तसबीर असतेच. ही लक्ष्मी बहुतेक वेळा रविवर्म्यांच्या लक्ष्मीची नात किंवा पणती असते. तिच्या चेहऱ्यावर एका बाजूने प्रकाश आहे, गळ्याखाली सावली आहे, कमळामागे पाणी दूर जात अंधूक होत गेले आहे. तिच्या जागेची बांधणी आल्बेर्तीची आहे, तिला वजन आहे. रोज सकाळी तिला उदबत्ती ओवाळणाऱ्या व्यापाऱ्याला इटलीचे नाव आठवण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने देवी पूर्वीपासून अशीच दिसते. परक्या रीतीचा एवढा संपूर्ण स्वीकार झाल्यावर तिला परकी म्हणणेही कठीण होते.

याच पेठेच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, चितार ओळ आहे. चिताऱ्यांची ही वस्ती गणपतीच्या दिवसांत मूर्तींनी भरून जाते. चिताऱ्यांची मूळ परंपरा रेषेची आणि सपाट रंगाची. त्यात आकृतीची थोरवी आकाराने आणि रंगाने सांगितली जाते. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे सांगण्याची गरज नसते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आजही हाताने, एका श्वासात करावी लागते. परंतु गालांवरची आणि सोंडेवरची छटा आता अनेक ठिकाणी स्प्रेगनने, छायाप्रकाशाच्या हिशेबाने मारली जाते. एकाच मूर्तीत डोळा एका इतिहासाचा आणि गाल दुसऱ्या इतिहासाचा, अशी ही स्थिती आहे. या दोन इतिहासांची गाठ कशी घालायची, हा प्रश्न आधुनिक भारतीय चित्रकाराला सुटता सुटत नव्हता.

तो प्रश्न प्रथम ठळकपणे उभा राहिला अजिंठ्यात. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत जे. जे.च्या विद्यार्थ्यांना नेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. परंतु प्लास्टरच्या ग्रीक डोक्यांवर तयार झालेले हात अजिंठ्याच्या भिंतीसमोर वर्षानुवर्षे बसले, ही घटना प्रतिकृतींपेक्षा मोठी आहे. तेथे त्यांना अशी चित्रकला भेटली की जिच्यात शरीराला गोलाई आहे, पण प्रकाशाला एक दिशा नाही. जागा आहे, पण पाहणाऱ्याला एका जागी खिळवणारा बिंदू नाही. प्रसंग एकमेकांत मिसळत जातात आणि पाहणारा चालत राहतो. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात भित्तिचित्रांचा वर्ग निघाला आणि भारतीय शैलीच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले. त्यांत सजावट पुष्कळ आली. अजिंठ्याच्या आकृती घेतल्या गेल्या, अजिंठ्याचा प्रश्न राहिला. पाश्चात्य उत्तराच्या जागी देशी उत्तर ठेवल्याने अनुकरण संपत नाही, हा या प्रयत्नांचा धडा आहे.

याउलट कोल्हापूरचे आबालाल रहिमान पाहावेत. जे. जे.मध्ये शिकून ते गावी परतले आणि कोटीतीर्थ, रंकाळा या परिसरात राहून तेच पाणी, तीच झाडे, तीच सांज रंगवत राहिले. त्यांच्या निसर्गचित्रांतील प्रकाशाचा विचार पाहून समीक्षकांना दृक्‌प्रत्ययवादाची आठवण होते. पण पॅरिसची शैली आणून ती कोल्हापुरात वापरली, असे तेथे वाटत नाही. एकाच तळ्याकडे वर्षानुवर्षे पाहताना जो प्रश्न उद्भवतो, तोच त्यांच्यापुढे होता.

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे त्याचे सहा आरंभीचे सभासद. गोव्याचा सूझा, पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाचे फलक रंगवलेले हुसेन, घरगडी म्हणून राबलेले आरा. या यादीत विदर्भाचा वाटा लक्षणीय आहे. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातील बाबरियाचे. त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३९ ते १९४३ ते शिकले आणि मग जे. जे.त गेले. पुढे या गटाशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्मही १९२४ मध्ये नागपूरचा.

या तरुणांना युरोपीय आधुनिकता भेटली ती पुन्हा एकदा तयार उत्तरांच्या रूपात. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईला आलेले लांगहामर, श्लेसिंगर आणि कलासमीक्षक फॉन लायडेन यांच्या घरची पुस्तके, छापील प्रतिकृती आणि चर्चा ही त्यांची शाळा होती. व्हान गॉग, मातीस, पिकासो एकाच संध्याकाळी, एकाच टेबलावर. सत्तर वर्षांचा क्रम एका दृष्टिक्षेपात आला. अशा वेळी नवी शैली उचलण्याचा मोह मोठा असतो आणि या गटाच्या सुरुवातीच्या कामात तो दिसतोही.

पण यानंतरची एक हकीकत महत्त्वाची आहे. १९४८ मध्ये काश्मिरात रझांची आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी भेट झाली. रझांची चित्रे पाहून त्यांनी सांगितले की यांत रंग आहे, पण बांधणी नाही; सेझानचा अभ्यास करा. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि तो अभ्यास त्यांनी केला. सेझानची शैली घेणे वेगळे आणि सेझानला पडलेला प्रश्न स्वतःच्या चित्रात सापडणे वेगळे. रझांना दुसरी गोष्ट सापडली असावी. चित्र कशाच्या आधारावर उभे राहते, हे शोधत ते तीसेक वर्षांनी बिंदूपाशी आले. प्राथमिक शाळेतील गुरुजींनी चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून भिंतीवर एक ठिपका दाखवला होता, त्याची आठवण ते सांगत. बिंदूला ‘भारतीयत्वाचे चिन्ह’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो बांधणीच्या प्रश्नाला मिळालेला जबाब आहे. त्याची वाट पॅरिसमधून गेली आणि मंडल्याच्या शाळेत पोचली.

याच वर्षांत मराठी साहित्यात काय घडत होते? प्रोग्रेसिव्ह गट स्थापन झाला त्याच १९४७ मध्ये मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या. त्यापूर्वी दहा वर्षे, १९३७ मध्ये, त्यांचे ‘आर्ट्स अँड मॅन’ लंडनमध्ये निघाले होते. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचे क्लाइव्ह बेल आणि रॉजर फ्राय यांच्या रूपवादाशी असलेले नाते मराठी समीक्षेत चर्चिले गेले आहे. फ्राय म्हणजे १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनातून सेझान, गोगँ, व्हान गॉग यांना इंग्रजी जगापुढे आणणारा समीक्षक. याचा अर्थ असा की सेझानचा प्रश्न मराठी मुलखात दोन वाटांनी आला : एक कार्तिए-ब्रेसाँच्या तोंडून रझांकडे, दुसरी इंग्रजी कलासमीक्षेतून मर्ढेकरांकडे. संवाद, विरोध आणि समतोल हे मर्ढेकरांचे लयीचे तीन नियम साहित्याच्या वर्गात आपण कवितेपुरते शिकवतो. त्यांना रंग आणि आकार यांच्या चर्चेची पार्श्वभूमी आहे, हे सांगितले तर ते कोरडे नियम राहत नाहीत. आणि मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्र, गर्दी, तुटलेली प्रतिमा ही युरोपातून उचललेली फॅशन होती की युद्धकाळातल्या मुंबईने विचारलेल्या प्रश्नाचा जबाब होता, हा जुना वादही मग नीट मांडता येतो.

गायतोंडे यांची वाट सर्वांत एकाकी. क्ले या चित्रकाराच्या ओढीने आरंभ झाला, मग आकृती गळत गेल्या. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. मूर्तातून काही वगळून ती आलेली नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. झेन विचाराचा अभ्यास, रोलर आणि सुरीने रंग चढवणे-उतरवणे, वर्षाकाठी मोजकीच चित्रे. त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यांच्या चित्रात खोली आहे, पण ती आल्बेर्तीच्या खिडकीतून दिसणारी नाही. प्रकाश आहे, त्याला बाजू नाही. अजिंठ्याच्या भिंतीसमोर विद्यार्थ्यांना जे भेटले होते, तेच एकही अजिंठेरी आकृती न वापरता येथे पुन्हा भेटते.

आता शिडीकडे परत येऊ. युरोपात पाचशे वर्षांत जे क्रमाने घडले, ते आपल्याकडे नव्वद वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी, बहुधा छापील रूपात आले. पेढीवरची लक्ष्मी, शाळेतला तांब्या, जे. जे.तली प्लास्टरची डोकी, टेबलावरचा पिकासो : प्रत्येक वेळी उत्तर आधी मिळाले. म्हणून आपली आधुनिकता उसनी ठरत नाही. उसने उत्तर घेऊन मागे चालत जाणे आणि त्याचा प्रश्न आपल्या मातीत सापडतो का हे पाहणे, हे आपल्या चांगल्या कलावंतांचे काम राहिले आहे. आबालालना तो तळ्याकाठी सापडला, म्हात्र्यांना नऊवारीच्या चुण्यांत, रझांना बिंदूत. ज्यांना सापडला नाही, त्यांच्याजवळ शैली उरली.

वाङ्मयीन वाद शिकवतानाही हाच क्रम उलटावा, असे सुचवावेसे वाटते. वास्तववादाची सहा वैशिष्ट्ये फळ्यावर लिहिण्याआधी ‘यमुनापर्यटन’मधील विधवांना कोणत्या भाषेत बोलते करायचे, ही पदमनजींची अडचण वर्गापुढे ठेवावी. नवकवितेची लक्षणे सांगण्याआधी १९४० च्या दशकातील मुंबई आणि ओवी-अभंगाची चाल यांचा मेळ कसा बसावा, हे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तरे त्यांना गाइडमध्ये मिळतीलच. नागपूरच्या विद्यार्थ्याला तर त्याआधी एक फेरी गांधीबाग ते चितार ओळ अशी मारायला सांगावी. पेढीवरची तसबीर आणि ओळीतली अर्धी रंगलेली मूर्ती एकाच तासात पाहून त्याने त्यावर एक पान लिहावे.